कनातीआडचं पाणी

ज्या वर्षी मी पोहण्याच्या तलावाविरुद्ध पत्रक लिहिलं, त्याच वर्षी माझ्या बापानं पोहण्याचा तलाव बांधायला घेतला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझे मोर्चातले मित्र सांगतील, आणि ते मीठमसाला लावून सांगतात.

पत्रक चांगलं होतं. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. शहरातल्या एका क्लबानं भर उन्हाळ्यात आपला तलाव काठोकाठ भरला होता, आणि त्याच क्लबाच्या भिंतीमागच्या वस्तीत बाया एका नळाभोवती हंडे घेऊन भांडत होत्या. 'तुमची करमणूक, आमची तहान' असं मी वर ठळक अक्षरांत लिहिलं. सायक्लोस्टाइलच्या शाईनं काळे झालेले हात तसेच ठेवून बर्डीच्या बाजारात उभी राहून ते वाटलं. लोकांनी वाचलं, घडी केली आणि त्यात फुटाणे बांधून नेले. चालायचंच.

आम्ही राहायचो शहराबाहेर हुडकेश्वरकडे, संत्र्याच्या बागेत. तेव्हा तिकडे वस्ती तुरळक. बागेत घर, घरामागं विहीर, विहिरीवर मोटर. घरात आम्ही तिघं: बाबा, माय आणि मी. माय तेव्हा चालत नव्हती. संधिवातानं तिचे गुडघे आधी सुजले, मग अडले, आणि एका हिवाळ्यानंतर ती बाजेवरून चुलीपर्यंत बसून सरकत जायला लागली. ज्या बाईनं आयुष्यभर डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन विहिरीची वाट तुडवली, ती पाण्याचा पेला मागून घ्यायची. आणि मागताना ओशाळायची. त्या ओशाळण्याचा मला फार राग यायचा. कुणावर ते कळायचं नाही, म्हणून मी सगळ्यांवरच काढायची.

डॉक्टरांनी सांगितलं, "हिला पाण्यात चालवा. छातीइतकं पाणी हवं. पाण्यात अंगाचा भार वाटत नाही. आणि गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक द्या."

"पाण्यात कुठं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी त्याच क्लबाचं नाव घेतलं. मी छताकडे बघितलं.

बाबा मला न सांगता क्लबात जाऊन आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, आणि फाटकावरच्या माणसासाठी पिशवीत संत्री. संध्याकाळी परत आले तेव्हा पिशवी तशीच भरलेली.

"काय म्हणे?" मायनं विचारलं.

"बायकांचा टाइम आहे म्हणे सकाळी. पण पोहण्याचा ड्रेस पाहिजे. लुगड्यात उतरू देत नाही. लुगड्यानं पाणी खराब होते म्हणते."

मी ताडकन उठले. "म्हणजे आमच्या मायांची लुगडी घाण! बाबा, यावर दुसरं पत्रक निघालंच पाहिजे. त्या फाटकावर आम्ही शंभर बाया लुगड्यांत नेऊन उभ्या करू!"

बाबांनी टोपी खुंटीला लावली. "तू छाप वं तुहे कागद. मी तवर टाकं बांधतो."

विहिरीजवळ मोटरचं पाणी पडायला एक लहान टाकं होतंच, पण गुडघाभर. त्याला लागून मोठं बांधायचं ठरलं. गवंड्यानं जन्मभर विहिरी, हौद आणि देवळांच्या पायऱ्या बांधलेल्या. पोहण्याचा तलाव त्यानंही बघितला नव्हता, बाबांनी तर क्लबाच्या फाटकाबाहेरून नुसता वास घेतला होता. गवंडी म्हणाला, "मालक, खोल किती?"

"छातीइतकं."

"कोणाच्या छातीइतकं?"

बाबा घुटमळले. मायला उभं करून माप घेता येत नव्हतं, आणि तिची उंची किती हे एवढ्या संसारात त्यांनी कधी बघितलं नव्हतं. ते घरात आले आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबले. त्या चौकटीवर एक काळपट तेलकट डाग होता. दिवेलागणीला बाबांची वाट बघत माय तिथं डोकं टेकून उभी राहायची. वर्षानुवर्षांच्या खोबरेल तेलानं लाकडावर पडलेला तो डाग. बाबांनी त्या डागाला सुतळीचं टोक लावलं, दुसरं जमिनीला टेकवलं, मग वरून दीड वीत मोजून खाली आले आणि तिथं गाठ मारली. ती सुतळी नेऊन गवंड्याला दिली. "इथवर पाणी."

मी दारात उभी होते. त्यांना निमूट वाट करून दिली. माझ्यासारखीला ते फार अवघड जातं.

आमच्या तलावाची बातमी मोर्चापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमच्यातला एक जण, जो घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढं असायचा, मला बघून उठून उभा राहिला. "या, या, मालकीणबाई! पाणी गरम हवं का थंड?"

"माझ्या मायसाठी आहे ते."

"सगळ्याच मालकांच्या माया असतात वं," तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण त्याचं म्हणणं मला टोचलं, कारण त्यातला सूर माझ्याच पत्रकातून उचललेला होता. घरी येऊन मी बाबांना विचारलं की एवढं पाणी कोंडून ठेवायचा आपल्याला काय हक्क आहे. बाबा माती उपसत होते. त्यांनी घमेलं माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "धर."

तलाव बांधणं सोपं, तलाव ठेवणं अवघड. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गळती बघायला टाकं पहिल्यांदा भरलं तेव्हा बाबा काठावर उभे राहून असे बघत होते जसं बारशाला पाळण्यात बघतात. आठवड्यात पाणी हिरवं झालं. मग गावभरचे सल्ले सुरू झाले. तुरटी फिरवून बघितली. विहिरीत टाकतात ती लाल दवा टाकली, तर पाणी गुलाबी झालं आणि दोन दिवसांनी गुलाबी-हिरवं. मामानं एक कासव आणून सोडलं. "इहिरीत कासव असलं का पाणी साफ राहते," तो म्हणाला. कासव एका कोपऱ्यात जाऊन बसलं आणि माय बाजेवरून म्हणाली, "ते आहे तवर मी पाय घालत नाही, सांगून ठेवते."

उपाय मायनंच काढला. बाबा पुन्हा तुरटी शोधत होते, तेव्हा ती म्हणाली, "अवो, झाडाले पाणी देताच नं?"

"देतो."

"मग मोटरचं पाणी आधी टाक्यात घ्या, अन् तिथून झाडाले सोडा. रोज जुनं जाईल, नवं येईल. हिरवं व्हायले फुरसत काहून द्यायची?"

बाबांनी टाक्याच्या तळाशी तोटी बसवून घेतली. हिरवं पाणी दांडानं, म्हणजे बागेतल्या पाटानं, झाडांच्या आळ्यांत गेलं, आणि पाण्याबरोबर कासवही गेलं. ते तिसऱ्या रांगेतल्या एका संत्र्याखाली मान काढून बसलेलं सापडलं. त्याला विहिरीत सोडलं. माझ्या मनावरचं ओझं मात्र त्या तोटीतून निम्मं वाहून गेलं. पाणी कोंडलेलं नव्हतं. झाडांकडे जाताना वाटेत मायसाठी थोडं थांबणार होतं, इतकंच. दुसऱ्या दिवशी मी त्या घोषणावाल्याला हे ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मालकीणबाई." काही लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो.

रिकामं टाकं आतून शेवाळलं होतं. गवंडी म्हणाला, चुना मारतो, शेवाळ मरेल आणि पांढरंशुभ्र दिसेल. त्यानं हात राखून काम केलं नाही. भिंतींना, पायऱ्यांना दाट चुना मारला. तो नीट वाळायच्या आतच बाबांनी मोटर सुरू केली. त्यांना घाई झाली होती. चैत्र लागला होता, ऊन तापत होतं, आणि पूजेला लोक बोलावून झाले होते.

नव्या विहिरीची पूजा करतात तशी टाक्याची करायची हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नाही. वस्तीतल्या बाया आल्या, बाबांची बहीण म्हणजे माझी आत्या तिच्या सासरहून आली, बागेतली माणसं आली, गवंडी नवा सदरा घालून आला. मायला मी आणि बाबांनी खुर्चीसकट उचलून काठावर आणलं, पूजा झाली की तिथूनच पाण्यात उतरवायला. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. नारळ फुटला. मायनं ओंजळभर हळद घेतली आणि वाकून, हात बुडवून वरच्या पायरीवर पाण्यात सोडली.

हळद खाली बसता बसता लाल झाली.

नुसती लाल नाही. पायरीवरून ओघळत, पसरत, गडद तांबडी. मग आत्यानं हंबरडा फोडला.

"रगत! अवं माय वं, रगत! पाण्यानं नाही म्हटलं! भाऊ, नको उतरवू गा वहिनीले, नको उतरवू!"

बाया मागं सरकल्या. कुणी हात जोडले. आणि मी भाषण सुरू केलं. मला ठाऊक होतं काय झालं ते: हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्यात देवाचा हात नाही, भुताचा नाही. हे मी सांगितलं, पण जसं चौकात सांगते तसं. शेवटी आत्याकडे बोट करून म्हणाले, "तुमच्यासारख्या बायांनीच बायांना मागं ठेवलंय!" आत्या पदरात तोंड घालून रडायला लागली. आता कोण ऐकणार होतं चुन्याचं?

बाबा मायकडे बघत होते. माय लाल झालेल्या पायरीकडे.

"मले घरात न्या," ती म्हणाली.

नेलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. बाबा बाहेर टाक्याच्या काठावर बसले. लोक प्रसाद घेऊन, हळू आवाजात बोलत गेले. दुसऱ्या दिवशीही माय उतरायला नाही म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. "उतरायचं नाही" एवढंच. बाबांनी मला सांगितलं, "तू समजव तिले. तुले बोलता येते." हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं होतं.

मी ताट घेतलं. एका बाजूला चिमूटभर हळद, दुसऱ्या बाजूला पानाच्या डबीतला चुना. मायच्या बाजेपाशी बसले, चार थेंब पाणी टाकून दोन्ही बोटानं कालवलं. लाल झालं. "बघ," मी म्हणाले. "रक्त नाही, कोप नाही. नुसता चुना."

मायनं ताटाकडे बघितलंही नाही. "मले काय दाखवून राहिली वं? माहेरी आम्ही कुंकू घरीच करत होतो. हळद अन् चुना मीच खलायची. मले तवाच समजलं."

"तवाच?"

"हात बुडवला तवाच. चुन्याचा वास येते नं."

मी ताट खाली ठेवलं. "मग काहून नाही उतरली?"

ती कुशीवर वळली. मग उठून बसली, पदर नीट केला.

"ओलं लुगडं अंगाले कसं चिपकते, माहीत आहे तुले? गवंडी उभा, बागेतले माणसं उभे, बाया उभ्या. त्यायच्यासमोर मी तशी निघू काय वर, तुह्या खांद्यावर लोंबकळत? त्या क्लबवाल्यावर तू भल्ली चिडली होती. पण त्यानं निदान फाटकावर नाही म्हटलं. तुमी दोघायनं तं साऱ्यायले बोलावून ठेवलं. मले इचारलं काय?"

बायांच्या अब्रूवर मी भाषणं दिलेली आहेत. त्यातलं एकही त्या वेळी उपयोगाचं नव्हतं.

"आत्या ओरडली, मले बरंच झालं," माय म्हणाली. "तिले उगाच रडवलं तू."

"मग आता कुणी नाही. आता उतर."

तिनं मान हलवली. खिडकीतून बाबा दिसत होते. मोटरजवळ वाकून काहीतरी करत होते, जे करायची काही गरज नव्हती.

"अन् पाण्यातबी नाही चालता आलं तं?" ती हळूच म्हणाली. "पाहिलं नं किती राबले ते. टाकं आहे अन् मी उतरली नाही, तवर त्यायले वाटते, ही उतरली का चालन. एक डाव उतरली अन् नाही चालली, मग काय राहिलं त्यायच्यापाशी?"

मी तिचे गुडघे चेपत बसले. ते गरम आणि कडक होते, उन्हातल्या दगडांसारखे.

बाबांना मी अर्धंच सांगितलं: लोकांसमोर ओलं व्हायचं तिला नको आहे. दुसरं अर्धं माझ्या तोंडातून निघालं नाही. बाबा ऐकत राहिले. मग सायकल काढली.

आले ते बैलगाडीतून. सायकल गाडीत, आणि गाडीत मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडच्या लग्नातल्या कनाती, लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या, ठिगळं लावलेल्या. शिवाय बांबू आणि लग्नाच्या स्वयंपाकाचे दोन मोठाले गंज, म्हणजे पातेली. लगीनसराईत त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

"त्यानं इचारलं, पोरीचं जमलं का म्हणे," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"मग?"

"म्या म्हटलं, पोरीचं कायचं जमते, ते मोर्चातच राहते."

माय बाजेवरून हसली. कितीतरी दिवसांनी.

चुन्याचं पाणी अंगाला चावतं आणि संत्र्यालाही मानवत नाही, म्हणून ते नाल्याकडे सोडलं. सगळं वाया. मी दात आवळून बघितलं. मग बाबांनी आणि मी आत उतरून काथ्यानं घासून घासून चुना काढला, पुन्हा पुन्हा धुतलं, आणि टाकं नव्यानं भरलं. चारी बाजूंनी बांबू रोवून कनाती बांधल्या. खालच्या पायरीला लागून बाबांनी एक ओटा बांधून घेतला होता, बसल्यावर पाणी कमरेपर्यंत येईल असा. कनातीच्या खालून त्यांनी पत्र्याची पन्हाळ आत सरकवली, तिचं तोंड बरोबर ओट्यावर. बाहेर चूल मांडली, तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या आणि गंज चढवले. डॉक्टरांनी सांगितलेला शेक असा येणार होता.

भर दुपार होती, ऊन नुकतंच कललेलं. अशा उन्हात आमच्याकडे कुत्रंही बाहेर पडत नाही; म्हणूनच ती वेळ धरली. बागेतली माणसं जेवून सावलीला झोपली होती. मी मायला पाठीवर घेऊन कनातीच्या आत नेलं. कापडातून येणाऱ्या उन्हानं आतलं पाणी लाल-पिवळं झालं होतं. दोन दिवसांच्या उन्हानं ते वरून कोमट होतं. मी आधी उतरले, कपड्यांनिशी. मायला पहिल्या पायरीवर बसवलं. तिचे पाय पाण्यात गेले. ती तिथंच थांबली. दोन्ही हातांनी तिनं पायरीची कड घट्ट धरली.

"उतरली काय?" बाहेरून बाबांचा आवाज.

"नाही," मी म्हणाले.

"पाणी थंड आहे काय?"

"नाही."

बाहेर तुराट्या तडतडत होत्या. माय माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर कनातीवर होती, जिथं बाबांची सावली पडली होती. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. आत दिसण्यासारखं काही नसताना.

मग सावली म्हणाली, "ऐकते काय वं? नाही जमलं तं राहू दे. टाकं काही वाया नाही गेलं. झाडाले कामी येते."

माय हलली नाही.

"अन् आपण आहोच नं. जसं चाललं तसं चालते," बाबा म्हणाले. घसा खाकरून पुढं म्हणाले, "गंज तापला. सोडू काय पाणी?"

मी मायकडे बघितलं. ते दुसरं अर्धं मी त्यांना सांगितलं नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नसणार. तिनं पायरीची कड सोडली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"सोडा," ती म्हणाली. आवाज थोडा मोठा काढून पुन्हा म्हणाली, "अवो, सोडा. मी उतरून राहिली ओट्यावर."

ती एकेका पायरीवर बसत खाली आली. लुगडं फुगून तिच्याभोवती तरंगायला लागलं, ते तिनं हातानं दाबलं, आणि मग दाबायचं सोडून दिलं. पन्हाळीतून गरम पाण्याची धार आली, तिच्या गुडघ्यांवर. तिनं डोळे मिटले.

"कढत नाही नं?"

"नाही. येऊ द्या."

बाबा बादलीमागून बादली ओतत राहिले. गंज रिकामा झाला तेव्हा मायनं माझे दोन्ही हात धरले आणि ओट्यावरून पुढं सरकली. मी मागं मागं जात होते. तिचे पाय तळाला लागले. पाणी सुतळीच्या त्या गाठीइतकं होतं, बरोबर तिच्या छातीशी. क्षणभर ती नुसतीच उभी राहिली. किती दिवसांनी ती माझ्यासमोर उभी होती! ती माझ्यापेक्षा बुटकी आहे हे मी विसरून गेले होते.

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. खोटी पत्रकं मी काढत नाही. जमिनीवर तिला आजही काठी लागते, आणि थंडीत काठीही पुरत नाही. कनाती मात्र परत गेल्या नाहीत. बाबांनी त्या विकतच घेतल्या. आता वस्तीतल्या गुडघेदुखीच्या बाया दुपारच्या येतात, लुगड्यांनिशी उतरतात, आणि सासरहून आली की त्यांच्यात सगळ्यात जास्त वेळ पाण्यात बसून राहणारी माझी आत्या असते. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "पाठ चोळ आधी."

पण त्या दुपारी अजून कुणी नव्हतं. मायनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पाण्यानं तिला धरलं होतं, मी नुसती समोर होते. टाक्याच्या त्या टोकाला पोचल्यावर ती वळली, आणि वळताना तिनं माझा एक हात सोडला.

बाहेर चूल विझत आली होती. कनातीवरची सावली तशीच पाठमोरी होती.

"आवाज येऊन राहिला," बाबा म्हणाले. "चालून राहिली काय?"

मी तोंड उघडलं, पण मायनं माझा हात दाबून मला गप्प केलं. हे तिलाच सांगायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "चालून राहिली."